आधी कोण गेलं

लोणावळा,
ता. ६ फेब्रुवारी १९४४

चिरंजीव दत्तोबास आबाचे आणि आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं इस्पितळातलं पत्र परवा पोचलं. पायाच्या जखमा भरत आल्या आणि काठीशिवाय चालू लागलास, हे तुझ्या आईला मी दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं कागद नुसता हातात घेऊन बघितला. शत्रूच्या कैदेतून निसटून हातीपायी धड आलास, याहून जास्त आम्ही देवाजवळ काही मागितलं नव्हतं. इकडे सर्व ठीक. यंदाच्या थंडीनं तुझ्या आईचा दमा उसळला होता, आता उन्हाला ओट्यावर येऊन बसते. काळजी करू नकोस. मला शाळेतून मोकळं होऊन वर्ष झालं, पण सकाळची घंटा ऐकली की पाय अजून तिकडे वळतात.

घराचं कुठवर आलं, असं तू विचारलं आहेस. तेच सविस्तर लिहितो.

आपले मालक येत्या दिवाळीच्या आत जागा मोकळी करून मागतात. लढाईच्या भीतीनं मुंबईची माणसं इकडे राहायला आली, त्यांच्याकडून त्यांना जास्त भाडं मिळतं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. आपलं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा तू पाळण्यात होतास. तेव्हापासून आपण परक्याच्या छपराखाली आहोत. पूर्वी तुझी आई याबद्दल बोलायची नाही. हल्ली दम लागला की म्हणते, "एक डाव आपल्या दारात बसून मोकळा श्वास घीन म्हन्ते."

तेव्हा मी शोध सुरू केला, आणि वलवणच्या वाटेवरचं कोंडाजींचं घर विकायला निघाल्याचं कळलं. त्या घराचं वर्णन तुला काय करायचं. लहानपणी तू जेवायला तेवढा आपल्याकडे यायचास. तू कैदेत असताना कोंडाजी वारले. घर विकतोय तो त्यांचा पुतण्या भिमाजी, स्टेशनाजवळच्या कोळशाच्या वखारीचा. चुलत्यानं मृत्युपत्र करून घर त्याच्या नावे केलं, असं तो सांगतो. "मास्तर, भायेरच्याला देन्यापरीस तुमाला दिलेलं बरं," असं म्हणून त्यानं मृत्युपत्राची नक्कल माझ्या हातात ठेवली आणि विसार मागितला. मी म्हटलं, आधी वकिलाला दाखवतो.

वडगावच्या वकिलांनी नक्कल वाचली आणि पहिलाच प्रश्न केला, "प्रोबेट झालंय का?" जन्मभर मास्तरकी केली, पण हा शब्द मला नवा होता. त्यांनी समजावून सांगितलं. माणूस मृत्युपत्र करून जातो. ते त्यानंच केलं, शुद्धीत केलं, हे कोर्टानं तपासून त्यावर मोहोर उठवली म्हणजे प्रोबेट झालं. "आपल्याकडे त्याची सक्ती नाही," ते म्हणाले, "पण ह्या मृत्युपत्रात एक अट आहे. ती बघता, प्रोबेट झाल्याशिवाय ह्या घरात पैसा घालू नका."

भिमाजीला विचारलं तर तो म्हणाला, "झालंया. कागूद तेवढा यायचा ऱ्हायलाय."

त्याच्या बोलण्यावर माझं मन बसेना. म्हणून मी स्वतः पुण्याला गेलो. जिल्हा कोर्टात दोन खिडक्यांवरून तिसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथं एका कारकुनानं बाड काढून बघितलं. म्हणाला, "प्रोबेट झालेलं नाही. अर्ज पडून आहे."

"कशासाठी अडलाय?"

"मुलगा मेल्याचा पुरावा नाही."

दत्तू, आता ती अट तुला लिहायला हवी. इतका वेळ मालकाचं, वकिलाचं लिहीत बसलो ते तिथं यायला नको म्हणूनच. कोंडाजींनी असं लिहून ठेवलंय की, आपल्यामागं घर मुलगा हौशीराम याचं. पण आपल्या मरणाच्या वेळी हौशीराम हयात नसेल, तर ते पुतण्या भिमाजीचं. नंदाबाईचं नाव कुठंच नाही. सून तरुण आहे, मुलगा लढाईवरून नाही आला तर कुणी तिचा पाट लावून देईल आणि घर दुसऱ्याच्या घराण्यात जाईल, असं म्हाताऱ्याला वाटलं असावं.

हौशीरामबद्दल पलटणीचा कागद आला त्यात फक्त 'बेपत्ता' असं आहे. तेव्हा कोर्टाच्या लेखी तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. वकील म्हणतात, सगळा प्रश्न एवढाच आहे, की बाप आणि मुलगा यांत आधी कोण गेलं. मुलगा आधी गेला असेल तर घर भिमाजीचं, त्यानं ते कुणालाही विकावं. बाप गेला त्या दिवशी मुलगा कुठंही, कसाही जिवंत असेल, तर घर त्या दिवशीच मुलाचं झालं. मग तो नसला तर ते त्याच्या बायकोचं.

मी कोर्टात जाऊन आलो हे भिमाजीला कळलं. रागावला नाही. माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तुमचा दत्तू त्याच्याच टोळीत व्हता. हौशा लढाईत पडला आसं त्यानं सायबापुढं लिवून दिलं, म्हंजी कोर्टाचं बी काम झालं आन् तुमचं बी." कोणती तारीख घालावी, तेही त्यानं सांगितलं. ती तारीख मी इथं लिहीत नाही. कोंडाजी कधी वारले तेही लिहीत नाही. उत्तर लिहिताना तुला ते ठाऊक नसलेलं बरं.

भिमाजी वाईट आहे असं समजू नकोस. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याला उचलून बाहेर न्यायचं, धुवायचं-पुसायचं, ते यानंच केलं. घर आपण कमावलंय असं त्याला मनापासून वाटतं.

काल त्याच घरी नंदाबाईला भेटायला गेलो होतो. कशासाठी आलो ते सांगवेना, म्हणून ओट्यावर बसून इकडचं तिकडचं बोललो. घर तिनं सारवून लख्ख ठेवलंय. कपाळाला ठसठशीत कुंकू. मला म्हणाली, "दत्तूभावजींचं पत्र आलं म्हनं. त्यात ह्यांचं काय लिवलंय का?"

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, "न्हाई लिवलं ते बरंच हाय."

सुटून आल्यापासून तुझी तीन पत्रं आली, त्यांतल्या एकातही हौशीरामचं नाव नाही. तुम्हा दोघांची नावं गावात कुणी वेगळी घेत नसे. तू का लिहीत नाहीस, हे मी आजवर विचारलं नाही. आज विचारतो. तुला जे ठाऊक असेल ते, जसं असेल तसं कळव. ठाऊक नसेल तर नाही म्हणून कळव. हे घर आपल्याला मिळावं असं मला फार वाटतं, तुझ्यापासून ते काय लपवायचं. रोज तुझ्या आईची छाती भात्यासारखी हलताना बघतो तेव्हा तर जास्तच वाटतं. पण ते मनात धरून एक अक्षर लिहू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा आणि त्याला भिणारा,
तुझा आबा

⁂

ठिकाण लिहिण्यास परवानगी नाही.
ता. १९ मार्च १९४४

तीर्थरूप आबा आणि आई यांच्या पायांवर दत्तोबाचं डोकं.

तुमचं पत्र मिळालं. मी बरा आहे. जेवण चांगलं मिळतं. पुढच्या महिन्यात इस्पितळातून काढतील असं डॉक्टर म्हणतो.

आबा, हौशीराम गेला. लढाईत नाही गेला. लढाईत आम्ही दोघं एकाच खंदकात धरले गेलो. मग आम्हांला उघड्या वाळवंटात तारेच्या कुंपणात ठेवलं. पाणी फार थोडं असायचं. हगवणीची साथ आली, तिच्यात तो सापडला. कैद्यांची नावं लिहायला माणसं आली तेव्हा त्याला उठता येत नव्हतं, आणि आजाऱ्यांकडे कुणी आलं नाही. म्हणून त्याचं नाव कुठंच लागलं नाही.

पण बेचाळीसच्या दसऱ्याला तो होता. दिवस मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. जुन्नरकडचा एक जवान तिथी धरून होता, त्यानं सांगितलं आज दसरा. तिथं आपटा कुठला. हौशीरामनं कुंपणाजवळच्या काटेरी झुडपाची दोन पानं मागवली आणि सोनं म्हणून माझ्या हातावर ठेवली. त्याच्या हातात तेवढीच ताकद राहिली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवाळीच्या आधी, दुपारचा गेला. जाळायला लाकूड नव्हतं. त्या जुन्नरच्या जवानानं आणि मी त्याला वाळूत ठेवला. वर दगड रचले.

मी इतके दिवस का लिहिलं नाही ते सांगतो. जायच्या आधी त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "नंदीला पत्रानं कळवू नगंस. तिला वाचाया येत न्हाई. दुसरं कुनीतरी वाचील, वट्यावर चार मान्सं जमत्याल. तू जा आन् तूच सांग. तिच्या हातचं पानी पी, मंग सांग." मी हो म्हटलं. मागाहून आम्हांला बोटीनं पलीकडे नेलं, तिथून पळालो, डोंगरांतून लपत हिंडलो. तेव्हा जगायचं ते हे सांगायला, असं मी धरून चाललो होतो. इकडे आपल्या लोकांत आल्यावर साहेबांनी नावं विचारली त्या वेळी मी तापात होतो. नंतर कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. सरकारी कागद माझ्या आधी तिच्याकडे पोचू नये, एवढंच मनात होतं.

तुमचं पत्र आलं आणि ते सगळं फिरलं. मी इथं दिलेला शब्द सांभाळीत बसायचं आणि तिथं तिचं घर जायचं, हे त्याला चाललं नसतं. काल साहेबांसमोर सगळं सांगितलं. त्यांनी जबानी लिहून घेतली, सही-शिक्का केला. ती सोबत आहे. भिमाजीदादांची तारीख मला ठाऊक नाही, कोंडाजीकाका कधी गेले तेही नाही. आहे ते एवढं आहे.

घर आपल्याला आलं तर आईसाठी घ्या. मला तिथं राहायला जड जाईल, पण मी राहीन.

आता तिच्याकडे तुम्हीच जा. कुणी आलेलं-गेलेलं नसेल अशा वेळी जा. आणि आबा, आधी तिच्याकडून पाणी मागून घ्या.

तुमचा आज्ञाधारक,
दत्तोबा

⁂

लोणावळा,
ता. ३० एप्रिल १९४४

चिरंजीव दत्तोबास आशीर्वाद.

पत्र आणि जबानी दोन्ही हाती आली. कोंडाजी त्याच साली, दसऱ्याच्या दोन महिने आधी, नागपंचमीला वारले होते. म्हणजे हौशीराम बापाच्या मागं जिवंत होता. घर भिमाजीचं झालं नाही, म्हणून आपलंही होणार नाही. हे आधीच लिहून टाकतो.

तुझ्या आईला पत्र वाचून दाखवलं. हौशीराम तिच्या हातचं किती वेळा जेवला असेल. ती पुष्कळ रडली. रडून झाल्यावर मला म्हणाली, "तुमी इचारलंच न्हसतं तर?" मी म्हटलं, तर पावसाळ्याआधी आपण त्या घरात असतो. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. तिला मी दोष देत नाही. रात्री खोकला ऐकला की मीही तोच प्रश्न स्वतःला विचारत होतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी मागितलं. नंदाबाईनं तांब्या-भांडं आणून दिलं आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. पाणी प्यालो. मग तू लिहिलंस तसं सांगितलं, जास्त नाही आणि कमी नाही. त्याचे शब्द होते ते त्याच्याच बोलीत सांगितले.

ती ओरडली नाही. उभ्याची खाली बसली. मग तिनं विचारलं, "दसऱ्याला व्हते?"

"होते."

"दिवाळीला न्हवते?"

"नव्हते."

"त्या दिवाळीला मी न्हाले, नवं लुगडं नेसले," ती म्हणाली, "भाऊ घिऊन आलता घोरावाडीवरनं."

मी भांडं खाली ठेवलं. तिनं मला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि मी सांगितलं.

उठताना मला घराचं बोलणं भाग होतं, कारण कोर्टाला सुट्टी लागायच्या आत हरकतीचा अर्ज जायला हवा होता. मी म्हटलं, घर तुझं आहे. पण तू स्वतः पुण्याला येऊन तसं सांगावं लागेल. तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हंजी घर पायजे आसंल, तर ते गेले म्हनून मीच जाऊन सांगायचं?"

"हो."

"आन् न्हाई गेले तर?"

"तर भिमाजी सांगेल. त्याला हवी ती तारीख घालून."

तिनं दार लोटून घेतलं. चार दिवस काही निरोप नाही. मी पुन्हा गेलो नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती आणि तिचा भाऊ आपल्या दारात उभे राहिले. "चला," एवढंच म्हणाली. कुंकू तसंच होतं. आमच्याबरोबर वडगावचे वकील होते, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, अर्ज विधवेचा आहे, कपाळाकडे बघून कुणीतरी विचारील. तिला ते ऐकू गेलं. "ते घरी गेल्यावर," ती म्हणाली. वकिलांनी पुन्हा विषय काढला नाही.

कोर्टात तोच कारकून होता. अर्ज लिहून घेताना म्हणाला, "नवऱ्याचं नाव?" बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मी सांगायला पुढं झालो. त्यानं मला हातानं थांबवलं. बाईंनीच सांगायला हवं, म्हणाला. तिचा भाऊ खाली बघू लागला. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच तिनं ते नाव घेतलेलं. तिनं पदर नीट केला आणि मोठ्यानं म्हणाली, "हौशीराम कोंडाजी."

"हयात की मयत?"

मागं रांगेत माणसं होती. त्यांतलं कुणीतरी 'लवकर करा' म्हणालं. ती काही केल्या बोलेना. कारकुनानं लेखणी दौतीत बुडवली, निथळवली, पण घाई केली नाही, हे त्याचं मी विसरणार नाही. मग ती म्हणाली, "गेले." त्यानं मयत असं लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

भिमाजी बाहेर व्हरांड्यात उभा होता. वकिलांनी त्याला तुझ्या जबानीची नक्कल वाचून दाखवली. दसऱ्याच्या पानांपाशी आल्यावर तो म्हणाला, "बास." अर्ज मागं घेतो म्हणाला, आणि त्याच दिवशी घेतलाही. जाताना मला म्हणाला, "म्हाताऱ्याचं मी केलं, मास्तर. त्याचं कुनी काय बोलत न्हाई." मी म्हटलं, मी बोलेन. पण ते त्याला पुरण्यासारखं नव्हतं. नंदाबाईशी तो एक शब्द बोलला नाही. वखारीवरून जाताना मला अजून नमस्कार करतो, पण थांबत नाही.

परतीच्या गाडीत तिचा भाऊ घोरावाडीला उतरला. दोन दिवसांनी येतो म्हणाला. गाडी सुटल्यावर तिनं मला विचारलं, "मास्तर, तुमाला आमचं घर घ्यायचं व्हतं ना?"

मी हो म्हटलं.

"तुमी माघात वट्यावर येऊन बसला व्हता, तवाच मला म्हाईत व्हतं. भिमाजींनी आदल्या दिशी सांगितलंतं."

म्हणजे त्या दिवशी तिनं तुझ्या पत्राचं जे विचारलं, ते मी घर बघायला आलोय हे ठाऊक असूनच विचारलं होतं. लोणावळा येईपर्यंत माझी मान वर झाली नाही.

तिला दारापर्यंत पोचवलं. आत जाऊन तिनं कडी लावली. मी रस्त्यावर थांबलो. थोड्या वेळानं बांगड्या फुटल्याचा आवाज आला आणि मग तिचं रडणं, जे इतक्या दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या बाया धावत आल्या, त्यांनी दार उघडून घेतलं. मग मी घरी आलो.

आमचं म्हणशील तर तळेगावात दोन खोल्या ठरवल्या आहेत. तिथली हवा कोरडी, तुझ्या आईला मानवेल असं डॉक्टर म्हणतात. खोल्या भाड्याच्याच आहेत. मे महिन्याच्या शेवटी सामान हलवू. पुढची पत्रं तिकडच्या पोस्टमास्तरांच्या नावे पाठव.

तुझी आई आता माझ्याशी बोलते. काल स्वतः भाकरी बांधून घेऊन, वाटेत तीनदा बसत, नंदाबाईकडे जाऊन आली. तिथं काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. पत्र पुरं करायच्या आधी तिला विचारलं, तुला काही लिहायचंय का. तिनं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्याला लिवा, घराचं मनात आनू नगंस. तुजं तू ये. तुजा सरकारी कागूद आमच्या दारात येऊ दिऊ नगंस."

ती बोलली तसंच उतरवलंय. मलाही याहून दुसरं काही लिहायचं नाही.

दारात तुझी पावलं वाजतील म्हणून कान देऊन बसलेला,
तुझा आबा
रखमाजी